मोरी तुंबली, खर्च कोणाचा?

आजचा विषय जरा ओला आणि वासाचा आहे. गळका नळ, तुंबलेली मोरी, भरून वाहणारी संडासाची टाकी. दोन दिवस राहायला आलेल्या पाहुण्यांच्या खोलीत असं काही झालं, तर प्लंबरचे पैसे कोणी द्यायचे, हे आज बघायचं आहे.

अलिबाग, मुरुड, दापोली, गुहागर, मालवण या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत कितीतरी घरांनी एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. राज्याच्या पर्यटन महामंडळाची न्याहारी-निवास योजना जुनीच आहे. २०२३ मध्ये सरकारने बायांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून बचत गटांचंही लक्ष इकडे वळलं. कोणी आपल्या घरातली खोली देते. कुठे गटाने मुंबईला राहणाऱ्या मालकाचं बंद घर चालवायला घेतलं आहे. धंदा घरबसल्या होतो, स्वयंपाकाचेही चार पैसे सुटतात.

मग एखाद्या सोमवारी कळतं की संडास तुंबला आहे. किंवा नळ रात्रभर उघडा राहिला, टाकी रिकामी झाली आणि मोटर कोरडी फिरून जळाली. पाहुणे रविवारीच निघून गेले. फोन केला तर म्हणतात, “ताई, आम्ही होतो तेव्हा सगळं ठीक होतं.” मालक मुंबईहून म्हणतो, “वहिनी, घर तुमच्या ताब्यात होतं, तुम्हीच बघा.” महिनाभराची कमाई एका दुरुस्तीत जाते. गटाच्या बैठकीत त्यावरून धुसफूस होते आणि ज्या बाईच्या पाळीत हे घडलं तिच्याकडे सगळ्या बघतात.

हा वाद आपल्याला नवा वाटतो, पण तो दीडशे वर्षांचा आहे. आपल्या आधी कितीतरी लोक यावरून भांडले, कोर्टात गेले, सरकारने कायदे केले. त्यांनी काय काय करून पाहिलं ते कळलं, तर आपल्या बैठकीतलं भांडण लवकर मिटेल, म्हणून आजची ही गोष्ट.

नळ नव्हते तेव्हा

पूर्वी प्रवासी कुठे उतरायचे? धर्मशाळेत, मठात, देवळाच्या ओवरीत, नाहीतर ओळखीच्या घरी. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात राज्य केलं. त्यांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, हे आपण शाळेत शिकलो. अशा जागी राहण्याचे पैसे नसत. पाणी आडाचं किंवा नदीचं, आणि सकाळी बाहेर जायचं ते रानात किंवा नदीकाठी. नळ नाही, पाइप नाही, त्यामुळे मोडण्यासारखं काही नव्हतं. आड उपसायचा, गाळ काढायचा, पडलेली भिंत लिंपायची, एवढंच काम. ते बांधणाऱ्याच्या घराण्याने करायचं, देणगीतून करायचं किंवा गावाने श्रमदानाने करायचं. उतरणाऱ्याकडे कोणी खर्च मागत नसे.

पण जत्रा मोठ्या होत गेल्या. हजारो माणसं एकाच आडाचं पाणी पिऊ लागली आणि त्यातून पटकीच्या साथी पसरल्या. पंढरपुरात, पुरीत, काशीत हेच चित्र होतं. तेव्हा पहिल्यांदा सरकारला प्रश्न पडला, की प्रवासी उतरतो त्या जागेचं पाणी आणि गटार कोणाच्या जबाबदारीवर?

१८६७ मध्ये इंग्रज सरकारने सरायांचा कायदा केला. सराया मुख्यतः उत्तर हिंदुस्थानातल्या, पण त्या कायद्यातली यादी आजही ऐकण्यासारखी आहे. सराय चालवणाऱ्याने खोल्या, पडव्या आणि गटारं साफ ठेवायची. ज्या विहिरीचं किंवा तळ्याचं पाणी उतारू वापरतात तेही साफ ठेवायचं. दारं, भिंती, छपरं आणि गटारं दुरुस्त ठेवायची. राहण्याचे दर सगळ्यांना दिसतील असे लावायचे. चार वर्षांनी, १८७१ मध्ये, पुरीसाठी यात्रेकरूंच्या उताऱ्याच्या घरांचा वेगळा कायदा झाला. घर चालवायला परवाना घ्यायचा, आणि किती माणसं उतरवायची तो आकडा परवान्यात.

यातली एक गोष्ट आपण गाठीला बांधू. थोड्या दिवसांच्या मुक्कामाबद्दल देशात अगदी सुरुवातीला जो नियम झाला, त्यात पाण्याची आणि गटाराची जबाबदारी जागा चालवणाऱ्यावर टाकली. कारण साधं होतं. उतारू आज आहे, उद्या नाही. त्याच्या मागे धावून गटार दुरुस्त होत नाही.

मुंबईला नळ आले

आता मुंबईकडे वळू, कारण नळाचे आणि भाड्याचे बहुतेक वाद तिथेच पिकले. आधी मुंबई विहिरी आणि तळ्यांवर जगत होती. धोबीतलावसारख्या नावांत ती तळी अजून उरली आहेत. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. १८७९ मध्ये तुळशीचं आणि १८९२ मध्ये तानसाचं. गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि देशावरून माणसं आली आणि त्यांच्यासाठी चाळी उभ्या राहिल्या.

चाळीत पाणी आलं खरं, पण प्रत्येकाच्या घरात नाही. कुठे मजल्यावर दोन नळ, कुठे खाली अंगणात एक. संडासांची रांग मजल्याच्या टोकाला. मागच्या बाजूला दोन इमारतींच्या मध्ये अरुंद घरगल्ली, तिथून सफाई कामगार मैल्याच्या टोपल्या काढून न्यायचे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात या कामासाठी वेगळा कर होता, त्याचं नावच हलालखोर कर. घर भाड्याने दिलं असेल तर असे कर पालिका आधी मालकाकडून घ्यायची आणि मालक ते भाड्यात धरून वसूल करायचा. पैसे शेवटी भाडेकरूच्या खिशातले, पण देण्याची जबाबदारी मालकाची.

दुरुस्तीचं मात्र तसं नव्हतं. वरच्या खोलीतली मोरी खालच्याच्या छपरातून गळायची. वरचा म्हणे मालकाला सांगा, मालक म्हणे वरच्याने पाणी जास्त ओतलं. तोवर खालच्या बाईने गळतीखाली पातेलं ठेवलेलं असायचं. नळ बिघडला की पहाटे तीनला उठून दुसऱ्या चाळीत रांग लावायची तीही बाईच. १८९६ ला प्लेग आला, तेव्हा या दाटीची आणि घाणीची सरकारला दखल घ्यावी लागली. १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट नेमला. पुढे १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. तिथेही संडास सामाईकच होते.

१८८२ चे दोन कायदे

याच काळात, १८८२ मध्ये, दोन कायदे झाले. गंमत म्हणजे ते आजही चालू आहेत आणि आपल्या गावातल्या घरालाही लागतात.

पहिला मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. त्याचं १०८ वं कलम भाडेकरू आणि मालक यांच्याबद्दल आहे. ते म्हणतं, भाडेकरूने जागा अशी वापरावी जशी समजूतदार माणूस स्वतःची वापरतो. सोडताना ती घेतली तशी परत करावी. पण रोजच्या वापराने होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरचं संकट त्याच्या माथी मारायचं नाही. भाडेकरूच्या किंवा त्याच्या नोकरांच्या चुकीने काही बिघडलं असेल आणि मालकाने तशी नोटीस दिली, तर तीन महिन्यांत ते त्याने भरून द्यावं. उलट बाजूही आहे. जी दुरुस्ती मालकाने करायची ठरली आहे ती त्याने सांगूनही वेळेत केली नाही, तर भाडेकरूने करून घ्यावी आणि खर्च व्याजासकट भाड्यातून कापावा.

“मालकाने करायची ठरली आहे ती” हे शब्द नीट ऐका. कोणती दुरुस्ती कोणाची, हे या कायद्याने मालकाच्या वतीने फारसं ठरवून दिलं नाही. ते करारात लिहायचं. लिहिलं नसेल तर पुढे भांडण आलंच.

दुसरा सुविधाधिकारांचा कायदा, ज्यात परवानगीने जागा वापरण्याचे, म्हणजे लायसन्सचे नियम आहेत. भाडेकरूला जागेवर हक्क मिळतो, परवानगीवाल्याला फक्त वापरायची मुभा मिळते. आपल्याकडे दोन रात्री राहणारा पाहुणा हा मुभेचाच माणूस. या कायद्यातलं एक कलम आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. जागेत एखादा धोकादायक दोष आहे, तो मालकाला माहीत आहे आणि येणाऱ्याला माहीत नाही, तर मालकाने तो सांगायलाच हवा. गिझरला हात लावला की झिणझिण्या येतात, बाथरूमची फरशी सुटली आहे, हे पाहुण्याला आधी सांगणं हा १८८२ पासूनचा नियम आहे.

गावकीची खोली आणि कूड

कायद्याच्या बाहेरही माणसांनी आपली व्यवस्था लावली होती. ती आपल्याला जास्त जवळची आहे.

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी गावांनी मुंबईत लालबाग-परळ भागात गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या. गावातला माणूस नोकरी शोधायला आला की त्या खोलीत उतरायचा. एका खोलीत पाळ्या लावून माणसं झोपायची. रात्रपाळीचा सकाळी आला की दिवसपाळीचा उठून जायचा. गोव्याच्या गावांचीही तशीच व्यवस्था होती. धोबीतलाव, माझगाव भागात त्यांचे क्लब होते, त्यांना कूड म्हणत. जहाजावर काम करणारे खलाशी दोन सफरींच्या मधल्या दिवसांत तिथे नाममात्र पैसे देऊन राहायचे. थोड्या दिवसांचा मुक्काम, सामाईक मोरी आणि सतत बदलणारी माणसं. आपल्या पाहुण्यांच्या खोलीत आणि त्या खोलीत यापेक्षा फार फरक नव्हता.

तिथे नळ बिघडला तर काय व्हायचं? मोडणारा कोण होता हे शोधणं अवघड होतं. कालचा माणूस आज बोटीवर चढलेला असायचा. म्हणून राहणाऱ्या प्रत्येकाकडून ठरलेली वर्गणी जमा करायची आणि खोलीचा खर्च त्या सामाईक पैशातून चालवायचा. खोलीचे नियम असायचे आणि ते पाळून घेणारे कारभारी असायचे.

बायांना या खोल्यांमध्ये जागा नव्हती, हेही खरं आहे. बाया गावाला राहून शेत आणि म्हातारी माणसं सांभाळत होत्या. पण वर्गणी, वही आणि कारभारी ही रीत आपल्या बचत गटाच्या रीतीशी जुळते.

भाडं गोठलं, पाइप गंजला

आता परत कायद्याकडे. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरं कमी पडली आणि भाडी वाढली, म्हणून १९१८ मध्ये भाड्यावर बंधन आणणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, मोठा कायदा आला. त्यात भाड्याच्या घरांबरोबर हॉटेल आणि लॉजचे दरही बांधायची सोय होती, ती त्याच्या नावातच आहे. या कायद्याने दोन कामं केली. घराचं भाडं साधारण सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. आणि घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवण्याचा भार मालकावर टाकला. भाडेकरूचं पाणी, वीज, सफाई बंद करायचीही मालकाला मनाई केली.

भाडेकरूंना मोठा आधार मिळाला. गरीब माणूस शहरात टिकला तो यामुळे. पण वर्षं गेली, महागाई वाढली, भाडं मात्र तेच राहिलं. लोखंडी पाइप गंजला, तो बदलायला एका वर्षाच्या भाड्याहून जास्त खर्च येऊ लागला. मालक म्हणू लागला, दहा-वीस रुपये भाड्यात मी पाइप कुठून आणू? भाडेकरू म्हणे, कायद्याने ते तुझं काम आहे. दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं, आणि या ओढाताणीत पाणी भिंतीत मुरत राहिलं. भिंतीत मुरलेल्या पाण्याने लाकडी तुळया कुजतात आणि पावसाळ्यात इमारती कोसळतात. शेवटी १९६९ मध्ये सरकारने इमारत दुरुस्ती मंडळ काढलं. जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला आणि त्या पैशातून मंडळाने दुरुस्ती करायची ठरवली. साडेएकोणीस हजारांहून जास्त इमारती त्यात आल्या.

म्हणजे सरकारलाही अखेर गावकीच्या खोलीच्या रीतीवर यावं लागलं. सगळ्यांकडून थोडं थोडं घ्या आणि सामाईक पैशातून पाइप बदला. फरक इतकाच की हे करायला बावीस वर्षं लागली, आणि तोवर कित्येक इमारती दुरुस्तीपलीकडे गेल्या होत्या.

मालकांनीही यातून आपली वाट शोधली. भाडेकरू कायमचा होतो या भीतीने ते घर भाड्याने न देता परवानगीने देऊ लागले. १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारीला जे असे परवानगीने राहत होते त्यांना भाडेकरू मानलं गेलं. त्यानंतर अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत पक्की झाली. ‘लिव्ह अँड लायसन्स’ हा शब्द आज शहरात राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातही करारात वेगळं ठरलं नसेल तर दुरुस्ती मालकाचीच आहे. मालक करत नसेल तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, मग स्वतः करून घ्यायची आणि भाड्यातून कापायची. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात.

पण १५ दिवसांची नोटीस दोन रात्रीच्या पाहुण्याच्या काय कामाची? हॉटेल, लॉज, धर्मशाळा, पैसे देऊन घरात राहणारा पाहुणा, यांना या कायद्याने परवानगीधारकांत मोजलेलंच नाही. शिवाय हा कायदा त्याच्या यादीतल्या शहरांना आणि भागांना लागतो. आपलं गाव त्यात असेलच असं नाही. नसेल तर मालकाच्या आणि गटाच्या वादात आपण पुन्हा १८८२ च्या कायद्यावर येतो, म्हणजेच करारात काय लिहिलं आहे त्यावर.

वायसर कोणाचा, पाइप कोणाचा

२०२१ मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. हा नमुना आहे, राज्यांनी स्वीकारला तरच लागतो. हॉटेल, लॉज, धर्मशाळा याच्याही बाहेर आहेत. तरी त्याला जोडलेली यादी उपयोगाची आहे, कारण दीडशे वर्षांचं भांडण तिथे ओळीओळीने वाटून दिलं आहे. मालकाने काय करायचं? इमारतीची दुरुस्ती, भिंतींना रंग, गरज पडेल तेव्हा पाइप बदलणं, विजेच्या तारा. भाडेकरूने काय करायचं? नळाचे वायसर आणि नळ बदलणं, मोरी-गटार साफ करणं, संडासाची, बेसिनची, गिझरची दुरुस्ती, बटणं, कड्या-कुलपं.

ढोबळ मानाने, भिंतीच्या आत जे आहे ते मालकाचं आणि रोज हाताखाली येतं ते राहणाऱ्याचं. महिनोन्महिने राहणाऱ्यासाठी हे ठीक आहे. त्याच्या वापराने वायसर झिजतो. पण दोन रात्री राहणाऱ्याने वायसर झिजवला असं म्हणता येणार नाही. तो पन्नास पाहुण्यांच्या हातांनी झिजलेला असतो आणि एक्कावन्नाव्याच्या हातात तुटतो. त्याच्याकडून पूर्ण पैसे घेणं न्यायाचं नाही.

आणखी एक कायदा पाहुण्याच्या बाजूने उभा आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि आता २०१९ चा. दोन्हींमध्ये पैसे घेऊन राहण्याची सोय देणं ही सेवा म्हणून नाव घेऊन लिहिली आहे. म्हणजे संडास चालत नव्हता, पाणी नव्हतं, तर पाहुणा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. सराय चालवणाऱ्यावर १८६७ मध्ये जी जबाबदारी होती, ती फिरून आपल्यावर आली आहे.

आता आपल्या बैठकीकडे

तर मैत्रिणींनो, या सगळ्यातून आपल्या कामाचं काय निघतं? आम्हाला तीन माणसं वेगळी करून बघावीशी वाटतात: मालक, खोली चालवणाऱ्या आपण आणि पाहुणा.

पाहुण्याचं वाटेकरीपण फार थोडं आहे. त्याच्या हातून सरळ सरळ मोडतोड झाली, ती दिसली आणि तो असतानाच बोलणं झालं, तर त्याने भरावं. आरसा फुटला, बेसिन तडकलं, फ्लशच्या टाकीचं झाकण पडलं, असं काही. म्हणून पाहुणा येताना नळ, फ्लश, गिझर त्याच्यासमोर चालवून दाखवायचे आणि जाताना त्याच्यासोबत एक फेरी मारायची. दोन मिनिटांचं काम आहे. लाजायचं नाही. ठेव घ्यायची असेल तर खोली ठरवतानाच सांगायची, किती आणि कशासाठी कापू तेही. तो निघून गेल्यावर पैसे मागून भांडण करायचं नाही. मिळत नाहीत आणि नाव खराब होतं.

तुंबण्याची बहुतेक कारणं आधीच टाळता येतात. समुद्राकाठी पाहुणे अंगावर वाळू घेऊन येतात, ती मोरीत जाते. बाहेर अंगणात पाय-अंग धुवायला एक नळ काढा. मोरीला बारीक जाळी बसवा, केस तिच्यातच अडकतील. संडासात सॅनिटरी पॅड, डायपर, ओले पुसण्याचे कागद टाकले की तो तुंबणारच. नुसती पाटी लावून भागत नाही. झाकणाचा डबा आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे तिथे ठेवायला हवेत, म्हणजे बाईला सोय होते. पाण्यात क्षार असतील तर गिझर आणि शॉवर लवकर धरतात, तो दोष पाहुण्याचा नव्हे.

मालकाशी करार लेखी करा. त्यात तीन ओळी तरी हव्यात. भिंतीतले आणि जमिनीतले पाइप, टाकी, मोटर, शोषखड्डा कोणाचा. नळ, जाळी, फ्लशचं सामान कोणाचं. आणि मालक फोन उचलत नसेल तर किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती आपण त्याला न विचारता करून भाड्यातून कापायची. घर ताब्यात घेताना प्रत्येक नळाचा, प्रत्येक मोरीचा फोटो तारखेसह काढा. १८८२ चा कायदा सांगतो, घेतलं तसं परत करा. पण घेतलं कसं होतं, ते आपल्याकडे दाखवायला हवं.

आणि तिसऱ्या, आपण. रोजच्या वापराची झीज ही आपली, धंद्याचा खर्च. तो एखाद्या बाईच्या पाळीवर टाकायचा नाही. गावकीच्या खोलीसारखी दुरुस्तीची वेगळी पेटी करा. समजा रात्रीला १,५०० रुपये घेता, त्यातले ५० रुपये थेट पेटीत. महिन्याला दहा रात्री भरल्या तर वर्षाला ६,००० रुपये जमतात. पावसाळ्याच्या आधी त्यातून वायसर, जाळ्या बदला, टाकी धुवा. वहीत लिहा, कधी काय दुरुस्त केलं आणि का. तोच नळ वर्षात तिसऱ्यांदा गळला तर दोष पाइपात आहे, आणि ती वही मालकासमोर ठेवता येते.

एक गोष्ट पैशापलीकडची आहे. तुंबलेलं साफ कोण करतं? चाळीच्या काळात करावर नाव होतं हलालखोराचं, आणि घरगल्लीत उतरायचा तोही तोच, जातीने त्याच्यावर लादलेलं काम म्हणून. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना ३० लाख रुपये द्यायला सांगितले. तरी गावात अजून सर्रास कोणाला तरी पाचशे रुपये देऊन टाकीत उतरवतात. टाकीतल्या वायूने माणूस काही क्षणांत जातो, आणि त्याला बाहेर काढायला उतरलेला दुसराही जातो. पाहुण्यांची घाई असो, रविवार असो, माणूस उतरवायचा नाही. मैला उपसणारी गाडीच बोलवायची. तिचा खर्च पेटीत आधीपासून धरायचा, म्हणजे पैशापायी कोणाच्या जिवाशी खेळ होणार नाही.

राहिली मोरीतली जाळी रोज साफ करणारी बाई. ती बहुतेक ठिकाणी गटातलीच असते आणि तिचा तास हिशोबात धरला जात नाही. प्लंबरला पैसे दिले की वहीत लिहितो, ताईने मोरी घासली की लिहीत नाही. पुढच्या बैठकीत खोलीचा दर ठरवाल तेव्हा तिचा तासही त्यात धरा.

तुमच्या गटाने मालकाशी करार केला असेल, त्यात दुरुस्तीच्या ओळी कशा लिहिल्या ते आम्हाला कळवा. इतर गटांना उपयोग होईल अशा ओळी पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.